एक्कावन्नावं काडतूस

१

रेनो लाहतेला तळघरात उतरला की कामाला हात लावण्याआधी तीन गोष्टी करायचा. फोन वर स्वयंपाकघरात ठेवायचा. जिन्याच्या वरचं दार लावून घ्यायचा. आणि जिन्याची सगळ्यात खालची पायरी रिकामी आहे ना, हे एकदा बघायचा. पहिल्या दोन गोष्टी घरी काडतुसं भरणारा कुठलाही शहाणा माणूस करतो, कारण या कामात लक्ष दुसरीकडे गेलं की गेलंच. तिसरी फक्त रेनो करायचा. ती का, हे विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

खरं तर या कामाच्या नावाने त्याने एकोणीस वर्षं कानाला खडा लावला होता. पण ऑक्टोबरात हेल्मी आली. हेल्मी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, आर्विडची मुलगी. ती सात वर्षांची असताना आर्विड शिकारीला गेला तो परत आलाच नाही, आणि तेव्हापासून ती काकाच्याच अंगाखांद्यावर वाढली. आता सव्वीस वर्षांची झाली होती, हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ हटवणारी भली मोठी गाडी चालवायची आणि त्या गाडीइतक्याच जोरात बोलायची. तिने एका लिलावात बंदूक घेतली होती. आखूड नळीची, घोड्याखालचा दांडा पुढेमागे केला की काडतूस चढणारी, आणि रिव्हॉल्व्हरची बुटकी, जाड काडतुसं खाणारी. थेट तिच्या बापाची होती तशी.

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते. बापाच्या जुन्या मचाणावर जाऊन बसायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"काडतुसं मात्र तू भरून द्यायचीस," ती म्हणाली.

रेनोने तीन वेळा नाही म्हटलं. डोळे गेले, हात कापतात, यंत्रही नाही. तिसऱ्यांदा ती शांतपणे म्हणाली की मग रॉडनीकडून घेईन. रॉडनी तिच्या कामावरचा मेकॅनिक. समोर हॉकीचा सामना लावून, बिअर पीत पीत काडतुसं भरणारा प्राणी.

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं नाही का?" रेनो म्हणाला.

"बाबांनीच शिकवलं. म्हणून तर तुझ्याकडे आले ना. तू काही दुसरा नाहीस."

 नाही म्हटलं तर ती रॉडनीकडे जाणार, हे उघड होतं. मग तो हो म्हणाला.

२

बंदुकांचं दुकान चालवणारा डेल्बर्ट जुन्या ओळखीतला होता. इतक्या वर्षांनी रेनो दारात दिसल्यावर त्याने भुवया तेवढ्या उंचावल्या. काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल रेनोने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

दुकानात काडतुसं भरायचे तीन जातींचे प्रेस मांडले होते. एक साधा, एकाच साच्याचा. त्यात पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांचं एक काम उरकायचं, मग साचा बदलून दुसरं, असं करत दिवस घालवायचा. दुसरा अगदी पुढचा, दांडा ओढला की सगळी कामं एकदम करणारा. डेल्बर्टचा आग्रह त्यालाच होता. रेनोने त्याच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एका दमात इतकं काही होत असेल तर माणसाने बघायचं कुठे?

तिसरा टरेट प्रेस. वर जाड चकतीसारखा फिरता माथा, माथ्याला चार भोकं, चार भोकांत चार साचे. एका साच्यात जुनी पुंगळी सरळ होऊन तिच्या बुडात नवी ठिणगीची टोपी बसते. दुसऱ्यातून बंदुकीची दारू आत पडते. तिसऱ्यात शिशाची गोळी बसते आणि चौथ्यात पुंगळीचं तोंड आवळलं जातं. दांड्याचे चार ओढे, की एक काडतूस.

"यात आपोआप फिरणारी सळई आहे," डेल्बर्ट म्हणाला. "दांडा खाली-वर केलास की माथा स्वतःच पुढच्या साच्यावर जातो. तुला हात लावायला नको."

"मला हात लावायचाय. सळई नको."

"खोक्यात येतेच ती. नको तर खणात टाक. पण रेनो, मोटार घेऊन ढकलत नेण्यातला प्रकार आहे हा."

तो हसला. रेनो हसला नाही. घरी येऊन त्याने प्रेस बाकाला बोल्टांनी आवळला, ती पोलादी सळई कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून सगळ्यात खालच्या खणात टाकली आणि माथा हाताने फिरवून बघितला. माथा मुकाट फिरला. जुन्या प्रेसवर सळई होती. दांडा पूर्ण खाली-वर केला की खट व्हायचं आणि माथा फिरला की टिक. खट-टिक, खट-टिक. हा आवाज या घरात पुन्हा व्हायला नको होता.

३

पहिल्या पन्नासांना त्याने अख्खी दुपार घेतली. लाकडी ठोकळ्यात पन्नास भोकं, प्रत्येकात एक पुंगळी. दारू घातल्यावर प्रत्येक पुंगळीत छोट्या विजेरीने डोकावून बघायचं. या बुटक्या काडतुसांची हीच खोड आहे. पुंगळी ऐसपैस आणि दारू चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी वर येऊन सांडत नाही, तळाशी गुपचूप बसून राहते. म्हणून बघायचं. रेनोने प्रत्येक पुंगळीत दोनदा बघितलं, काहींत तीनदा.

शेवटी बुडाला रंगाचा ठिपका. भरणारा प्रत्येक जण आपापली खूण करतो, म्हणजे मैदानात पडलेल्या पुंगळ्यांत आपली कोणती ते कळतं. रेनोची खूण पहिल्यापासून लाल. पन्नास लाल ठिपके देऊन त्याने ब्रश पुसला, पाठ सरळ केली आणि ठोकळ्याकडे बघितलं.

ठोकळा भरलेला होता. आणि ठोकळ्याच्या शेजारी, बाकावर, एक काडतूस उभं होतं.

आपण एक्कावन्न पुंगळ्या घेतल्या असणार, असं त्याच्या मनात आलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस मोजण्यात एकाने चुकू शकतो, त्यात जगबुडी नाही. त्याने ते काडतूस उचललं आणि उलटं केलं. बुडाला हिरवा ठिपका होता. चमकदार, थोडा जाड, कडेला ओघळलेला.

तो रंग बाजारात शोधायची गरज नव्हती. आर्विड आपल्या बायकोची, लोइसची, नखं रंगवायची बाटली पळवायचा आणि त्यावरून दर वर्षी त्यांच्या घरी भांडण व्हायचं. हिरवी नखं कोण रंगवतं, असं रेनो चिडवायचा. नाताळात, असं लोइसचं ठरलेलं उत्तर असायचं.

रेनोने ते काडतूस तराजूवर ठेवलं. त्याच्या पन्नासांतल्या कुठल्याहीपेक्षा ते किंचित जड भरलं. शिसंही थोडं कमीजास्त असतं, त्याने स्वतःची समजूत घातली. मग ठोकून गोळी बाहेर काढायची हातोडी घेतली आणि काडतूस फोडलं. आतली दारू वेगळी तोलली.

दुप्पट होती. कणाचाही फरक नाही, बरोबर दुप्पट.

४

त्या रात्री त्याने तळघराच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसला. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचा म्हातारा छपरावरचा बर्फ ओढत होता. इतक्या साध्यासुध्या सकाळी पायाखालच्या फळ्यांतून आवाज आला.

खट-टिक. खट-टिक.

बॉयलर असेल, रेनोला वाटलं. नळ्या तापल्या की आवाज करतातच. त्याने कप खाली ठेवला.

खट-टिक. खट-टिक. खट-टिक. मग नुसतं खट.

 त्या खटनंतरची रिकामी जागा त्याला ओळखीची होती. अख्ख्या आयुष्यात त्याने ती एकदाच ऐकली होती आणि नंतर एकोणीस वर्षं रोज. खाली पुन्हा खट-टिक सुरू झालं, जसं काही घडलंच नव्हतं.

कुलूप उघडून तो खाली गेला तेव्हा सगळं सामसूम होतं. दिवा लावला. खालची पायरी रिकामी होती. प्रेसचा दांडा मात्र हळूच खाली येत होता. पण सैल दांडा आपल्या वजनाने सरकू शकतो, हेही खरं. सळई प्रेसमध्ये बसवलेली होती. दोरा सोडून, कागदाची नीट घडी घालून ती घडी खणावर ठेवलेली होती. आणि बाकावर एक काडतूस उभं होतं, हिरव्या ठिपक्याचं.

तो बाकाशी बसला आणि शांतपणे विचार करू लागला. बापाला शेवटी शेवटी काही आठवायचं नाही, तसं आपलं झालं असेल. आपणच उठून खाली येत असू, सळई बसवत असू, काडतूस भरत असू. हिरवा रंग? तो कुठून तरी आणला असेल. हा विचार भयंकर होता, तरी त्यात आधार होता. डॉक्टरला सांगता येईल असं काहीतरी होतं त्यात. त्याने काडतूस फोडलं. दुप्पट.

तिसऱ्या दिवशी त्याने दाराच्या चौकटीला वरपासून खालपर्यंत कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. पट्टी जशीच्या तशी राहिली. काडतूस आलंच.

५

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी आर्विड खालच्या पायरीवर बसला होता. त्याची जागाच ती. रेनो प्रेसवर, आर्विड पायरीवर, हातात कॉफी, तोंडाने अखंड बडबड. हंगाम उद्यावर आला होता. अंगणातल्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, विस्तव टाकलेला होता आणि तो तापायला अर्धा तास उरला होता. आर्विड आपल्या गाईला सॉनात नेणाऱ्या म्हाताऱ्याचा विनोद सांगत होता. तो त्याने शंभरदा सुरू केलेला असेल, पण शेवटापर्यंत कधी पोचला नव्हता, कारण गाय बाकावर बसते इथवर आला की त्याला स्वतःलाच हसू आवरायचं नाही.

त्या दिवशी रेनोही हसला. हसता हसता दांडा अर्धाच ओढला गेला. खट झालं, टिक झालं नाही. माथा फिरलाच नाही, दारूचा साचा होता तिथेच राहिला, आणि हाताने सवयीने पुढचा ओढा मारला. दारू पुन्हा पडली असणार. त्याने तेव्हा थांबून बघायला हवं होतं. पण हात इतक्या लयीत होता की ती पुंगळी गोळी बसून, तोंड आवळून, ठोकळ्यातल्या बाकीच्यांत जाऊन उभी राहिली तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. कुठलीतरी एक. मागच्या दोन ओळींतली.

"काय रे?" आर्विडने विचारलं होतं.

"काही नाही," रेनो म्हणाला होता.

सगळी फोडायची म्हणजे दोन तास. सॉना तापला होता, लोइस जेवायला थांबली होती. आणि खात्री तरी कुठे होती? काडतुसं वाटून घेताना त्याने पुढची पंचवीस उचलली. मागची आर्विडकडे सरकवली. आर्विडने लोइसची बाटली काढली आणि एकेक हिरवा ठिपका दिला. आपण हे मुद्दाम केलं नाही, हात आपोआप पुढे गेला, असं रेनो एकोणीस वर्षं स्वतःला बजावत होता. पण हात आपोआप कुठे जातो, हे माणसाला माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्विडची बंदूक त्याच्या गालापाशीच फुटली. शेरिफने विचारल्यावर रेनो म्हणाला की बंदूक जुनी होती, नळीत गंज असणार. लोइस रडता रडता म्हणाली होती, "मी सांगत होते त्याला, ते भंगार घेऊ नकोस म्हणून. माझं कधी ऐकलं नाही त्याने." रेनोने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला तसंच समजू दिलं. आजही ती तसंच समजते. मेलेल्या नवऱ्यावर चिडून तिने उरलेलं आयुष्य काढलं. उरलेली काडतुसं आणि जुना प्रेस रेनोने खाणीच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात फेकून दिला.

६

आता त्याने दोन गोष्टी ठरवल्या. आपल्या पन्नासांतलं एकही काडतूस हेल्मीला द्यायचं नाही. आणि ती आली की तिला सगळं सांगायचं.

पहिली गोष्ट सोपी होती. त्याने लाल ठिपक्यांची पन्नासच्या पन्नास फोडली, दारू अंगणात पसरून जाळली आणि डेल्बर्टकडून कारखान्याची दोन खोकी विकत आणली. तिसऱ्या दिवशीचं हिरवं काडतूस मात्र फोडलं नाही. ते काचेच्या बरणीत घालून बाकावरच्या फळीवर ठेवलं. हेल्मीला सांगताना हातात काहीतरी हवं होतं. नुसत्या शब्दांवर आपण टिकणार नाही, कुठेतरी सटकू, हे तो ओळखून होता.

बरणीत ठेवल्यापासून खालचा आवाज थांबला. नवं काडतूसही आलं नाही. रेनोला वाटलं, चला, हेच हवं होतं आर्विडला. मी बोलावं, एवढंच हवं होतं. त्या चार दिवसांत तो कधी नव्हे तो नीट झोपला.

चौदा तारखेला दुपारी हेल्मी आली. आईने पाठवलेला वेलदोड्याचा पाव तिने टेबलावर ठेवला आणि खोकी बघून कपाळाला हात लावला.

"एवढं मशीन घेतलंस, महिनाभर तळघरात तप केलंस, आणि शेवटी दुकानातली?"

"हात कापतात गं."

"पाव कापताना नाही कापत."

पण ती रागावली नाही. काकाचा हात तिने क्षणभर हातात धरला आणि मग म्हणाली की निदान मशीन तरी बघू दे. ती तळघरात उतरली. रेनो वरच थांबला. ती वर येईपर्यंत पहिलं वाक्य जुळवायचं होतं. हेल्मी, तुझे बाबा बंदुकीमुळे गेले नाहीत. बस, एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल. त्याने ते वाक्य ओठांतल्या ओठांत चारदा म्हणून बघितलं.

ती लवकर येईना. आणि मग खालून तिचं हसणं आलं. फोनवर हसतो तसं नाही. समोर कुणीतरी काही सांगतंय, आणि आपल्याला शेवट कळत आलाय, तसं.

ती वर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळला होता. "तू खाली रेडिओ लावून ठेवतोस का?" तिने विचारलं.

"रेडिओ नाही खाली."

"मग वरून येत असेल तुझाच आवाज. कुणीतरी विनोद सांगत होतं, गाईला सॉनात नेणाऱ्या म्हाताऱ्याचा." तिने कोट चढवला आणि दोन्ही हात खिशांत घातले. "शेवट मस्त आहे त्याचा. मी कधी ऐकलाच नव्हता."

 जुळवलेलं वाक्य जिभेवरून घसरून गेलं. ती जवळ आली, त्याच्या कानशिलावर ओठ टेकवले आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळी येते. हरणाचं यकृत तुझं." गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत तो दारातच उभा होता. उद्या सांगू. उद्या संध्याकाळी, ती आली की पहिलं तेच. कारखान्याची काडतुसं आहेत तिच्याजवळ, धोका असा काहीच नाही. त्या दिवशी तो पुन्हा तळघरात उतरला नाही, कारण खालची पायरी बघायची त्याची छाती झाली नाही.

७

सकाळी सहाला आवाजाने त्याला जाग आली.

खट-टिक. खट-टिक. खट-टिक. खट-टिक. अगदी निवांत, कसलीही घाई नसल्यासारखं.

तो तसाच, पायात मोजे घालून खाली उतरला. आवाज थांबला. दिव्याच्या उजेडात खालची पायरी ओली दिसली. तिच्यावर बसक्या आकाराचा डाग होता, बर्फातून आलेला माणूस बसून उठला की राहतो तेवढा. हेल्मी काल बसली असेल. काल दुपारचं पाणी सकाळपर्यंत टिकत नाही, हे त्याला कळत होतं, तरी त्याने तसं म्हणून बघितलं. मग तो डाग ओलांडून फळीपाशी गेला.

बरणीत काडतूस नव्हतं. घडी घातलेला कागद होता. अक्षर हेल्मीचं.

"रेनो काका, रागावू नकोस. हिरवा ठिपका मी कुठेही ओळखेन, आईची बाटली रिकामी करताना मीच बाबांच्या मांडीवर बसलेली असायचे. त्यांनी भरलेलं एक तरी काडतूस उरलंय, हे तू मला सांगितलंसुद्धा नाहीस. उद्या सगळ्यात आधी मी हेच झाडणार आहे. दुसऱ्याने भरलेलं आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे मान्य. पण बाबा काय दुसरे?"

रेनोने कागद दोनदा वाचला. मग तो जिना चढला, बूट घातले, किल्ल्या घेतल्या. आर्विडच्या मचाणावर फोन लागत नाही. कधीच लागत नव्हता. तरीही त्याने गाडी चालवता चालवता बारा वेळा लावून बघितला.

८

तिची गाडी जंगलाच्या कच्च्या वाटेच्या टोकाशी उभी होती. पूर्वेला जेमतेम उजाडलं होतं, सावज टिपायला पुरेल एवढं. चारही बाजूंच्या टेकड्यांतून बार ऐकू येऊ लागले. जवळ, लांब, एक, मग लागोपाठ दोन. प्रत्येक बाराला रेनो दचकत होता आणि प्रत्येक बारानंतर तो स्वतःला सांगत होता, हा तिकडचा, हा नदीपलीकडचा, हा तिचा नाही.

रात्री ताजा बर्फ पडला होता. तिच्या गाडीपासून पावलं निघाली होती, बुटांचे खोल, स्वच्छ ठसे. रेनो त्यांच्यावरून धावत सुटला. शंभर एक पावलांवर तो थबकला. ठशांच्या दोन जोड्या होत्या. एक तिची. दुसरी मोठ्या बुटांची, तिच्या डाव्या हाताला, अगदी लगत. बाप पोरीला धरून चालतो तितक्या अंतरावर. मोठे ठसे मध्येच कुठूनतरी सुरू झाले होते. कुठून, ते बघायला तो मागे वळला नाही.

पुढे एका ठिकाणी ती मोठी जोडी थांबली होती. बुटांची टोकं उलट्या दिशेला, गाडीकडे वळलेली होती. कुणीतरी इथे उभं राहून, तो येतोय का, हे बघितलं होतं. मग पुन्हा पुढे.

"हेल्मी!" रेनो ओरडला. थंडीने आवाज घशातच फाटला. "झाडू नकोस! ते मी भरलंय, हेल्मी! बाबांनी नाही, मी! मला माहीत होतं, तेव्हाच माहीत होतं!"

एकोणीस वर्षं जे जमलं नाही ते एका दमात बाहेर पडलं, आणि ऐकायला स्प्रूसची झाडं होती. बर्फाने भरलेलं जंगल सगळे आवाज गिळून टाकतं. तो धावत राहिला, पडला, उठला. साठेक पावलांवर मचाण दिसलं. कठड्याशी नारिंगी टोपी दिसत होती, पाठमोरी. मान एका बाजूला झुकलेली, शेजारी बसलेल्या कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. शेजारी काहीतरी गडद होतं. खोड असेल. रेनोने ते खोडच आहे असं ठरवून टाकलं.

खाली, ओढ्याच्या काठाला, एक हरीण उभं होतं. टोपी सरळ झाली. खांदा वर आला.

त्याने पुन्हा हाक मारली, पण दम उरला नव्हता आणि तोंडातून नुसती वाफ निघाली. त्या शांततेत बंदुकीचा दांडा पुढे ढकलल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

खट.

रेनो गुडघाभर बर्फात उभा राहिला आणि टिक होण्याची वाट बघू लागला.